पाड्यावरच्या गुरुजींची परदेशवारी

"ज्या शाळेचे छप्पर पावसाळ्यात गळते, त्या शाळेच्या मास्तरास परदेशी धाडून काय साधणार?" हा प्रश्न सध्या सुशिक्षितांच्या बैठकीत इतक्या सहजपणे विचारला जातो की, त्यास उत्तर देऊ पाहणाराच विक्षिप्त ठरावा. शहापूर-मुरबाडकडील शाळांचा विषय निघाला म्हणजे तर ह्या प्रश्नास विशेष धार चढते. आधी छप्पर, मग वीज, मग संगणक, आणि हे सारे पुरे झाल्यावर काही उरलेच तर परदेशच्या शिक्षकांशी व विद्यार्थ्यांशी देवाणघेवाण, असा ह्या मंडळींचा क्रम आहे. तो ऐकावयास मोठा व्यवहारी वाटतो. आमच्या मते तो व्यवहारी नाही, आणि न्यायाचा तर मुळीच नाही.

न्यायाची गोष्ट प्रथम घेऊ. हा प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचे चिरंजीव बहुधा अमेरिकेत असतात, कन्या जर्मनीस जाण्याच्या तयारीत असते. परदेशी जाऊन विद्या संपादन करावी, हे पांढरपेशा घरांत पिढ्यानुपिढ्या कर्तृत्वाचे लक्षण मानले गेले. तीच गोष्ट जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने मनात आणली की ती चैन ठरते! सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लक्ष डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली, तेव्हा सारा महाराष्ट्र त्यांच्या सत्कारास धावला. पुढे फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेस जाण्यासाठी त्यांनी रजा मागितली. तेव्हा २०२२ च्या जानेवारीत त्या साध्या रजेच्या अर्जाचा असा काही गुंता झाला की, अखेर शिक्षणमंत्र्यांस हात घालावा लागला. त्यांच्या गैरहजेरीविषयी आक्षेप होते. त्यांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. पण शिक्षकाची विद्यावृत्ती हा आमच्या कचेऱ्यांत किती अनोळखी प्राणी आहे, हे त्या प्रकरणात उघडे पडले. दिल्लीतही २०२३ च्या जानेवारीत शिक्षकांना फिनलंडला पाठविण्यावरून नायब राज्यपाल आणि तेथील सरकार यांचे भांडण रस्त्यावर आले. खर्चाच्या मानाने लाभ काय, ते आधी दाखवा, असे नायब राज्यपालांचे म्हणणे होते. हिशेब मागण्यास आमची हरकत नाही. तो शिक्षकाच्याच प्रवासाचा तेवढा काटेकोरपणे मागितला जातो, एवढेच आम्ही नमूद करतो.

आता व्यवहाराकडे वळू. खेड्यातील शाळेत उणीव यंत्रांची आहे, ही समजूतच मुळात जुनी झाली. शहापूर तालुक्यातील पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव दहा वर्षांपूर्वी 'डिजिटल शाळा' म्हणून सर्वत्र झाले. दूरदूरचे शिक्षक ती पाहून गेले आणि लोकवर्गणीतून आपापल्या गावी तसे वर्ग उभारू लागले. म्हणजे जी गोष्ट पसरली ती परिपत्रकाने नव्हे. एका शिक्षकाने दुसऱ्याची शाळा डोळ्यांनी पाहिली म्हणून पसरली. आक्षेपकांनी ह्यावर क्षणभर विचार करावा. पष्टेपाडा पाहण्यास नगर-नाशिकचा शिक्षक आला तर तो अभ्यास, आणि पष्टेपाड्याच्या बाजूचा शिक्षक हेलसिंकीची शाळा पाहण्यास निघाला तर ती मौज, हा भेद कोणत्या तर्कशास्त्रात बसतो?

यंत्रे पुष्कळ आली. कित्येक ठिकाणी त्यांवर कापड पांघरलेले आहे, कित्येक ठिकाणी विजेचे बिल थकल्यामुळे ती मुकी आहेत. उलट मुलांचे हात यंत्रास सरावलेले आहेत. 'असर' ह्या २०२४ च्या देशव्यापी पाहणीप्रमाणे ग्रामीण भागातील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांस स्मार्टफोन वापरता येतो. परंतु पाहणीच्या आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामी वापरलेले ५७ टक्के, आणि समाजमाध्यमांसाठी वापरलेले ७६ टक्के. बोट फिरविण्याची कला कोणी शिकवावी लागत नाही. आलेली माहिती खरी की खोटी हे पारखणे, आपले म्हणणे मुद्देसूद लिहिणे, परक्यास समजेल असे चित्र वा आलेख तयार करणे, हे शिकवावे लागते. ते शिकण्यास समोर कोणी परका असावा लागतो. आपल्याच गुरुजींस भातलावणी समजावून सांगणाऱ्या मुलीस काही समजावून सांगण्याची गरजच पडत नाही. गुरुजींनाही भात ठाऊक आहे. तीच मुलगी नॉर्वेतील एखाद्या वर्गास चिखल, आवण आणि मोगरणी ह्यांचा अर्थ सांगू लागली म्हणजे तिला शब्द शोधावे लागतात, छायाचित्रे निवडावी लागतात, पावसाचे आकडे जमवावे लागतात. डिजिटल कौशल्य म्हणतात ते ह्याहून निराळे काय आहे?

आणि ही परकी विद्या आपल्या मातीत रुजत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास वाचावा. १८४८ साली जोतीराव फुले अहमदनगरास जाऊन अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून आले, आणि त्याच वर्षी पुण्यात त्यांची शाळा निघाली. इटलीतील माँटेसरीबाईंची पद्धत ताराबाई मोडकांनी उचलली. परंतु तिची महागडी साधने न उचलता शंख-शिंपले, बिया, खडे आणि पाने ह्यांवर ती नव्याने उभी केली, आणि १९४५ साली बोर्डीस सुरू झालेले ते काम अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांपर्यंत नेले. बोर्डी-कोसबाड २०१४ पर्यंत ह्याच ठाणे जिल्ह्यात होते. विलायती म्हणून ताराबाईंनी ती पद्धत टाकली असती, अथवा विलायती म्हणूनच जशीच्या तशी पूजली असती, तर त्या मुलांच्या वाट्यास काय आले असते?

अर्थात देवाणघेवाणीच्या नावाखाली जे समारंभ चालतात त्यांचे समर्थन आम्हांस करावयाचे नाही. परदेशी पाहुणे मोटारीतून उतरतात, मुले लेझीम खेळतात, पाहुण्यांच्या कपाळी कुंकू लागते, छायाचित्रे निघतात आणि दुपारी मोटारी परत मुंबईस जातात. इकडून जाणाऱ्या शिष्टमंडळात अधिकारी पुढे आणि शिक्षक असलाच तर शेपटास. आठ दिवसांत सिंगापूरच्या इमारती पाहून येणाऱ्यास इमारतीच आठवणार. आमचे म्हणणे असे की, शिक्षक पाड्यावरचा असावा, मुक्काम एका शालेय सत्राचा असावा, आणि स्थळ आपल्या गरजेवरून निवडावे.

शहापूर-मुरबाडची गरज कोणती? येथील कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. पटावर नाव असलेले मूल वर्षाचे कित्येक महिने भिवंडी-कल्याणच्या बाजूस विटा उलटीत असते. सरकारने हंगामी वसतिगृहे काढली, स्थलांतरित मुलासोबत शिक्षणहमीचे कार्डही दिले जाते. पण कार्ड बरोबर गेले म्हणून शिकविणारा बरोबर गेला असे होत नाही. मग जेथे शिकविणारा मुलाच्या पाठोपाठ जातो असे ठिकाण जगात आहे काय? आहे. ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्ज येथे १९५१ पासून आकाशवाणीची शाळा चालते. एकमेकांपासून शेकडो मैल दूर गुरांच्या कुरणांवर राहणाऱ्या मुलांना प्रथम वैमानिक वैद्यांच्या बिनतारी यंत्रावरून, आणि आता इंटरनेटवरून, एका वर्गात गोळा केले जाते. आमच्या तालुक्याचा शिक्षक तेथे सहा महिने बसावा, आणि तेथील शिक्षकाने येथे येऊन एक हिवाळा वीटभट्टीवर वर्ग चालवून पाहावा. त्या पाहुण्यास हेही कळेल की, कातकरी मुलाच्या घरची बोली पुस्तकी मराठीहून किती निराळी आहे आणि संगणकावरील धडे त्याच्याशी कोणत्या परक्या भाषेत बोलतात. हे आमच्याच लोकांस अजून पुरते कळलेले नाही.

येणाऱ्याने केवळ देण्यासाठी यावे असेही नाही. मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन अक्षरे गिरविणाऱ्या त्या साठी-सत्तरीच्या विद्यार्थिनींची वार्ता परदेशच्या वृत्तपत्रांनी आपण होऊन छापली. युरोपातील वृद्धांस यंत्रयुगात एकटेपण आले आहे, असे तिकडील लोकच सांगतात. वृद्धांस पाटीपुढे कसे बसवावे हे शिकण्यास त्यांनी फांगण्यास यावे. आणि आश्रमशाळेतील वरच्या वर्गातील मुलामुलींनी, आईबापांच्या संमतीने, आधी वर्षभर पडद्यावरून ओळख झालेल्या शाळेत काही आठवडे जाऊन राहावे. अनोळखी देशात एकदम लोटून देणे आम्हांसही मान्य नाही.

राहता राहिला पैसा. मुंबईस पाणी पुरविणाऱ्या सात तलावांच्या साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातसेचा आहे. १८९२ चे तानसा धरणही शहापुरातलेच. त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. जे शहर सव्वाशेहून अधिक वर्षे ह्या तालुक्याचे पाणी पीत आहे, त्याने दरवर्षी दोन्ही तालुक्यांतील चार शिक्षकांचा प्रवास आणि आठ पाड्यांची विजेची बिले सोसावीत, अशी मागणी केली तर ती दानाची याचना ठरत नाही. छप्पर की परदेश, असा पेच उभा करणाऱ्यांनी छप्परासाठी आजवर कोठे अर्ज केला होता, तेही एकदा सांगावे. छप्पर दुरुस्त झालेच पाहिजे, आणि ते करण्यास गुरुजींची गरज लागत नाही, गवंडी लागतो. गुरुजींच्या रजेच्या अर्जावर मात्र महिन्याच्या आत होय की नाही, एवढा शेरा जिल्हा परिषदेने मारावा.