‘योगसंग्राम’ उर्दूत कोणी नेला?

लेख स्वीकारल्याचा ई-मेल आला की आपल्याकडे पेढे वाटतात. मीही वाटले. मराठीतल्या मुस्लिम संतकवींवरचा माझा इंग्रजी लेख एका परदेशी संशोधनपत्रिकेनं घेतला होता. समीक्षकांचे आक्षेप, दुरुस्त्या, पुन्हा आक्षेप हे सगळं संपलं, असं वाटलं. खरा मसला त्यानंतर सुरू झाला.

काही आठवड्यांनी प्रूफ आलं. सोबत शंकांची यादी आणि ४८ तासांची मुदत. एक शंका अशी होती : ‘शेख महंमद यांच्या ग्रंथाची भाषा मराठी लिहिली आहे. ती उर्दू केली आहे. खात्री करा.’

श्रीगोंद्याचे शेख महंमद! ज्यांनी ‘योगसंग्राम’ मराठी ओवीत लिहिला, त्यांना एका फटक्यात उर्दूत नेऊन बसवलं. संदर्भसूचीत तर ते ‘महंमद, एस.’ झाले होते.

मित्र म्हणाले, मुद्रणदोष आहे, एवढं काय मनावर घेता? मला ते पटत नाही. मुद्रणदोषात वेलांटी चुकते, आकडा चुकतो. इथं कुणीतरी नाव वाचलं आणि नावावरून भाषा ठरवली. हा हिशेब आपल्या ओळखीचा आहे. ‘तुमचं मराठी किती छान हो!’ असं कौतुक आपण शाळेपासून ऐकतो. १९९० साली सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याला आता तीन दशकं उलटून गेली. तरी हा समज हटत नाही. आणि यात फक्त गोऱ्यांना दोष देऊन भागणार नाही. परदेशी प्रकाशकांचं संपादन-जुळणीचं बरंच काम चेन्नई-पुदुच्चेरीत होतं.

पण माझी खरी तक्रार आपल्याच प्राध्यापक बिरादरीशी आहे. पदोन्नतीसाठी लेख हवा असतो, म्हणून प्रूफ न उघडताच ‘मंजूर’चं बटण दाबणारे मी पाहिले आहेत. हक्क हस्तांतराचा फॉर्म न वाचता सही करतात. मग स्वतःचाच लेख विद्यार्थ्यांना द्यायचा तर परवानगी शोधत बसतात. स्वतःचं नाव एका लेखात एका स्पेलिंगनं, दुसऱ्यात दुसऱ्या. महाराष्ट्रात शेख आडनावाचे किती संशोधक आहेत! सोळा अंकी ‘ऑर्किड’ क्रमांक फुकट मिळतो, तोही काढत नाहीत. लेख एकदा छापून आला की चूक सहज पुसता येत नाही. फार तर शुद्धिपत्र निघतं, आणि ते वाचतं कोण? पुढचा संशोधक छापलेलंच उचलतो. उद्या कुणी शेख महंमदांना उर्दू कवी म्हणेल आणि पुरावा म्हणून माझाच लेख दाखवेल!

मी त्या रात्री प्रत्येक शंकेला लेखी उत्तर दिलं. छापील ग्रंथाच्या मुखपृष्ठाचं छायाचित्र जोडलं. ‘शेख’ हा इथं नावाचाच भाग आहे, आद्याक्षर करू नका, असं स्पष्ट लिहिलं. दोन दिवसांनी ‘मराठी’ परत आली, शेख महंमदही पूर्ण नावानिशी परतले. कुणी वाद घातला नाही. फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं.

तेव्हा पेढे जरूर वाटा. पण प्रूफ वाचून झाल्यावर.