प्रत आणि प्रतिबिंब

संशोधकाच्या पश्चात त्याच्या टिपणांचे काय होते, हा प्रश्न खानदेशाला नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निवर्तले, तेव्हा गावोगाव पायपीट करून त्यांनी जमवलेली दप्तरे आणि त्यांची स्वतःची टाचणे मागे राहिली होती. १९२७ साली धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. त्यांचा मराठी धातुकोश १९३७ साली, म्हणजे निधनानंतर अकरा वर्षांनी, छापून आला. टिपणे कोणीतरी जपली होती, म्हणून हे घडू शकले.

आज जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतून पीएच.डी. करणाऱ्यांची टिपणे दप्तरात नसून झोटेरो, मेंडेली यांसारख्या संदर्भ-व्यवस्थापकांत असतात. चार-पाच वर्षांचे वाचन एका लॅपटॉपमध्ये सामावलेले असते. त्याच्या सुरक्षिततेविषयी विचारले, की 'सगळे क्लाउडवर सिंक आहे' हे उत्तर ठरलेले. आमचा आक्षेप आहे तो या निर्धास्तपणाला.

पोथ्यांच्या परंपरेतले एक उदाहरण येथे उपयोगी पडावे. पाठभेदांनी बिघडलेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली. असे पाठशुद्धीचे काम शक्य होते, कारण पोथ्यांच्या प्रती परस्परांपासून स्वतंत्र असतात. पैठणच्या नकलकाराची चूक नेवाशाच्या पोथीत आपोआप उतरत नाही. राजवाड्यांनी प्रसिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीची मूळ पोथी आज अभ्यासकांना उपलब्ध नाही. परंतु १९०९ सालची छापील आवृत्ती वेगळी उरली, म्हणून तो पाठ आपल्या हाती आहे.

सिंकमध्ये नेमके हे स्वातंत्र्य नसते. ते प्रत करीत नाही, प्रतिबिंब दाखवते. लॅपटॉपवर नोंद पुसली, की ती क्लाउडवरूनही पुसली जाते. झोटेरोत पुसलेली नोंद आधी कचरापेटीत जाते हे खरे; पण मूळ रचनेनुसार ती पेटी तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते. चूक दोन महिन्यांनी ध्यानात आली, तर दाद कोणाकडे मागायची?

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. झोटेरोच्या नोंदी व टिपणे एका डेटाबेस फाइलीत असतात आणि पीडीएफ शेजारच्या फोल्डरात. हे सारे फोल्डर ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हमध्ये हलवणे अनेकांना सोयीचे वाटते. परंतु फाइल लिहिली जात असतानाच ती बाहेरून उचलली गेली, तर डेटाबेस बिघडू शकतो. झोटेरोचे कर्तेच तसे न करण्याचा इशारा देतात. नोंदींसाठी झोटेरोचे स्वतःचे सिंक वापरावे. पीडीएफसाठी मात्र त्यात विनामूल्य जागा ३०० एमबीच मिळते, आणि स्कॅन केलेल्या जुन्या मराठी ग्रंथांना ती लवकरच अपुरी पडते. मग नोंदी क्लाउडवर दिसतात, ग्रंथ मात्र लॅपटॉपवरच अडकून राहतात, आणि हे पुष्कळांच्या लक्षातही येत नाही.

उपाय अवघड नाही. आठवड्यातून एकदा प्रोग्रॅम पूर्ण बंद करावा, संपूर्ण डेटा-फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवावे आणि नावात तारीख घालावी. त्याचीच झिप फाइल करून ती क्लाउडवर चढवावी. अशा बंद गाठोड्याला वरचा धोका नसतो. जुनी प्रत नव्या प्रतीखाली गाडू नये. वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी, कारण न उघडलेली प्रत म्हणजे केवळ समजूत. शिवाय नोंदी बिबटेक्स किंवा आरआयएस या साध्या मजकुराच्या रूपातही काढून ठेवाव्यात, म्हणजे उद्या हा प्रोग्रॅम राहिला नाही तरी त्या दुसऱ्यात वाचता येतील.

हे सर्व विद्यार्थ्याच्या व्यक्तिगत दक्षतेवर सोडून देणे आम्हांला मान्य नाही. संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमात आपण तळटीप कशी द्यावी हे तपशिलाने शिकवतो. ज्या टिपणांवर ती तळटीप उभी असते, ती जपावी कशी हे शिकवीत नाही. सहामाही प्रगती-अहवालावर सही करताना मार्गदर्शकाने 'तुमची दुसरी प्रत कोठे आहे?' एवढे विचारावे, आणि ती तिथेच उघडून दाखवायला सांगावी. राजवाड्यांची टिपणे जपायला एक मंडळ उभे राहिले. प्रत्येक विद्यार्थ्यामागे मंडळ उभे राहणार नाही; मार्गदर्शक मात्र प्रत्येकाला असतो.