लसीचा वेग कोणासाठी?

सन २०२१ साली कोरोनाच्या लसीकरणाच्या वेगाबद्दल या देशात जो वाद माजला होता, तो आज बहुतेकांच्या विस्मरणात गेला आहे. १७ जुलै २०२२ रोजी दोनशे कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला गेला आणि वाद आपोआप मिटला असे धरून सर्वजण आपापल्या उद्योगास लागले. आमचे मत निराळे आहे. तो वाद मिटलेला नाही. त्याचा निवाडाच झालेला नाही. ज्याचा निवाडा झाला नाही तो दावा पुढील साथीबरोबर पुन्हा उभा राहणार, हे कायद्याचे थोडेबहुत ज्ञान असणारा कोणीही सांगेल. म्हणून या दाव्याचे कागदपत्र आपण थंड डोक्याने पुन्हा एकदा चाळले पाहिजेत.

प्रथम घटनाक्रम पाहू. ३ जानेवारी २०२१ रोजी कोव्हिशील्ड व कोव्हॅक्सिन या दोन लसींना आपत्कालीन परवानगी मिळाली. १६ जानेवारीस मोहीम सुरू झाली. त्या दिवशी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत पहिली लस एका सफाई कामगारास टोचण्यात आली. ही गोष्ट निःसंशय चांगली होती. पण याच मोहिमेसाठी सरकारने जी पहिली खरेदी केली ती कोव्हिशील्डच्या १ कोटी १० लाख आणि कोव्हॅक्सिनच्या ५५ लाख मात्रांची होती, व तीही मोहिमेच्या जेमतेम पाच दिवस आधी. प्रौढांची संख्या सुमारे ९४ कोटी आणि प्रत्येकास दोन मात्रा! ज्याच्या घरी शंभर पाने वाढावयाची आहेत त्याने एका पायलीवर पंगत मांडावी, तशातलाच हा प्रकार होता.

त्या वेळी दोन पक्ष भांडत होते. एक म्हणत होता की सरकार फार घाई करीत आहे; कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचा निष्कर्ष हाती येण्यापूर्वीच तिला परवानगी कशी दिली? ही शंका गैर नव्हती. निष्कर्ष मार्चमध्ये प्रसिद्ध झाले आणि लस गुणकारी ठरली हे खरे. तथापि गरिबाच्या दंडात सुई टोचण्यापूर्वी पुरावा मागणे हा द्रोह नव्हे. दुसरा पक्ष म्हणत होता की वेग फार मंद आहे. परदेशास लस पाठविता आणि येथे केंद्रे बंद पडतात! एप्रिलमध्ये मुंबईतील अनेक केंद्रांवर मात्रा संपल्याच्या पाट्या लागल्या, हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. परंतु दोघांनीही जो प्रश्न विचारला नाही तोच आमच्या दृष्टीने मुख्य आहे. वेग किती, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हा की, तो वेग कोणासाठी?

१ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरील सर्वांस लस 'खुली' झाली. पण कशी? उत्पादनाचा अर्धा भाग केंद्राने घ्यावा, पाव भाग राज्यांनी विकत घ्यावा व पाव भाग खाजगी रुग्णालयांस मिळावा, असे ठरले. केंद्रास कोव्हिशील्ड १५० रुपयांस मिळत असता राज्यांस ४०० रुपये सांगण्यात आले, ओरड झाल्यावर ३०० करण्यात आले; आणि खाजगी रुग्णालयांस ६००. वस्तू एक, कारखाना एक, आणि ग्राहक पाहून किंमत तीन! राज्ये आपसात स्पर्धा करू लागली. महाराष्ट्राने अठरा ते चव्वेचाळीस वयोगटास मोफत लस जाहीर केली खरी, पण १२ मे रोजी पुरवठ्याअभावी त्या गटाचे लसीकरण थांबवावे लागले. ज्याच्या खिशात पैसे होते त्याच्यासाठी खाजगी रुग्णालयाचे दार मात्र उघडे होते. पुढे जूनमध्ये तेथील कमाल दर ठरले, ते कोव्हिशील्डला ७८० व कोव्हॅक्सिनला १,४१० रुपये. चार प्रौढ माणसांच्या कुटुंबास स्वस्तातली लस दोन वेळा घ्यावयाची म्हटली तरी ६,२४० रुपये होतात. टाळेबंदीने रोजगार गेलेल्या मजुराने हे कोठून आणावे?

सर्वोच्च न्यायालयाने स्वतः होऊन दाखल करून घेतलेल्या प्रकरणात ३१ मे २०२१ च्या आदेशाने या धोरणावर बोट ठेवले. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाकडून पैसे घेण्याचे धोरण प्रथमदर्शनी मनमानी व अविवेकी आहे असे न्यायालयाने म्हटले, आणि अर्थसंकल्पात लसीसाठी ठेवलेल्या ३५,००० कोटींचा हिशेब विचारला. ७ जून रोजी पंतप्रधानांनी धोरण बदलल्याचे जाहीर केले. २१ जूनपासून तीन चतुर्थांश लस केंद्राने घेऊन सर्वांस मोफत द्यावयाची असे ठरले. त्या एका दिवसात ऐंशी लाखांहून अधिक मात्रा दिल्या गेल्या. उत्पादनही तोवर वाढले होते, हे आम्ही मान्य करतो. पण समतेने वेग मंदावतो हा जो आक्षेप घेतला जातो, त्यास याहून चोख उत्तर नाही.

वाचकहो, 'खुले' या शब्दाचा अनुभव आपणांइतका कोणास असणार? ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखानेसुद्धा अस्पृश्यांस खुले झाले, असे तो ठराव सांगत होता. महाडच्या नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. कागदावर तळे खुले होते; काठावर मात्र कोणी जाऊ शकत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तेथे गेले, आणि उच्च न्यायालयाचा अखेरचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले. ठराव आणि ओंजळ यांच्यामध्ये जे अंतर असते, त्याचेच नाव अन्याय.

२०२१ साली हे अंतर जातीच्या नावाने नव्हे, तर मोबाइलच्या, ओळखपत्राच्या व पत्त्याच्या नावाने पडले. कोविन या संकेतस्थळावर नोंद केल्यावाचून अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या माणसास प्रथम लस मिळत नव्हती. ज्यास जलद इंटरनेट त्याचा नंबर पहिला. केंद्रावर जाऊन नोंद करण्याची सोय २४ मे रोजी झाली. ज्यांच्याजवळ ओळखपत्रच नाही अशा भटक्या, भिक्षेकरी व कैदी लोकांसाठी कार्यपद्धती ६ मे रोजी निघाली, म्हणजे मोहीम सुरू होऊन साडेतीन महिने उलटल्यावर. अंथरुणास खिळलेल्या वृद्धांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे न्यावा लागला, तेव्हा मुंबईत त्यांच्या घरी लस पोहोचू लागली. प्रत्येक वेळी जो शेवटी उभा होता त्याचीच आठवण शेवटी झाली.

आणि विलंबाची शिक्षाही त्यालाच झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलचा प्रवास सामान्य प्रवाशांस दोन मात्रा व त्यानंतरचे चौदा दिवस या अटीवर खुला झाला. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांत तेव्हा चौऱ्याऐंशी दिवसांचे अंतर सक्तीचे होते. ज्या तरुणाने १ मे रोजी पैसे मोजून पहिली मात्रा घेतली तो ७ ऑगस्टला पात्र ठरत होता. ज्याने २१ जूनच्या मोफत मात्रेची वाट पाहिली, तो २७ सप्टेंबरपूर्वी पात्र होणे शक्यच नव्हते. सहा आठवडे त्याच्या रोजीचा रस्ता बंद! हा फरक त्याच्या हट्टाने वा आळसाने पडला नव्हता, तो खिशाने पडला होता. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कोणाही व्यक्तीस सक्तीने लस टोचता येणार नाही आणि लस न घेणाऱ्यांवरील निर्बंध त्या परिस्थितीत प्रमाणशीर नव्हते. निकाल योग्य होता. पण बुडालेली मजुरी त्याने परत आली नाही.

मग करावयाचे काय? २०२१ साली हाती असलेला साथरोगांचा कायदा १८९७ चा होता. त्यात सरकारला अधिकार आहेत. नागरिकास लसीचा हक्क मात्र त्यात शोधूनही सापडत नाही. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ च्या आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्याच्या उणिवा मांडल्या आहेत. आमची मागणी स्पष्ट आहे. साथीच्या काळी लस केंद्राने खरेदी करावी व ती सर्वांस विनामूल्य मिळावी, असे कायद्यातच लिहिलेले असावे. क्रम ठरविताना धोका पाहावा, पगारपत्रक पाहू नये; नगरपालिकेच्या पटावर नाव नाही म्हणून कचरा वेचणारी स्त्री मागे राहता कामा नये. आणि जोवर सर्वांस लस मिळण्याची सोय झालेली नाही, तोवर लसीच्या अटीवर कोणाचीही रोजी अडवू नये.

आपल्याकडेही एक कर्तव्य आहे. हक्क मागणाऱ्याने अफवांस थारा देऊ नये. प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंनी देह ठेवला. त्यांचे नाव घेणाऱ्यांच्या वस्तीत सुईच्या भीतीने दारे बंद होणे शोभत नाही. विज्ञानावर विश्वास ठेवा, पुरावा मागा, आणि आपली पाळी कोणी विकत घेत असेल तर गप्प बसू नका. पुढील साथ केव्हा येईल हे आपल्या हाती नाही. तिच्या आधी कायदा व्हावा म्हणून आपल्या आमदार-खासदारांस आजच जाब विचारणे हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.