गाडी का रुसली?

गल्लीत एखादी जुनी गाडी सुरू होईना की काय होतं, ते तुम्ही पाहिलंच असेल. बॉनेट उघडतं, चार काका गोळा होतात आणि प्रत्येकाकडे एकेक निदान तयार असतं. "बॅटरी गेली!" "छे हो, प्लग बघा." "कार्बोरेटर उघडावा लागणार." गंमत म्हणजे तोवर गाडीला कुणी काही विचारलेलंच नसतं! या अंदाजपंचे कारभाराचं बिल येतं ते मात्र गाडीवाल्याला. नवी बॅटरी बसवली तरी गाडी ढिम्म. मग नवे प्लग, मग आणखी काहीतरी. पै-पै साठवून सेकंडहँड गाडी घेतलेल्या घराला हा खर्च चांगलाच बोचतो.

तर आज आपण गाडीचे डॉक्टर होऊ या. पेशंट कोण? प्रीमियर पद्मिनी. आजोबांना विचाराल तर ते तिला 'फियाट'च म्हणतील, कारण इटलीच्या फियाट ११०० चीच ती भारतीय आवृत्ती. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तर ती देशभर ओळखीची झाली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, पण हौशी मंडळींनी जपलेल्या पद्मिनी अजूनही दिसतात. शिकायला ही गाडी फार छान. तिच्यात कॉम्प्युटर नाही, त्यामुळे दुखणं डोळ्यांना दिसतं आणि कानांना ऐकू येतं.

इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी लागतात. पहिल्यांदा कुणीतरी त्याला फिरवायला हवं. हे काम स्टार्टर मोटरचं. गॅरेजमध्ये तिला 'सेल्फ' म्हणतात. मग सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण यायला हवं, आणि नेमक्या क्षणी प्लगची ठिणगी पडायला हवी. म्हणून डॉक्टरांचा पहिला प्रश्न असा : सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतंय का? या एका प्रश्नानं निम्मे संशयित सुटतात!

समजा, इंजिन फिरत नाही. नुसतंच 'टक्' वाजतं किंवा 'घर्र... घ...' करून सगळं थंडावतं. आता हेडलाइट लावा आणि कुणाला तरी पुन्हा सेल्फ मारायला सांगा. दिवे तसेच लख्ख राहिले, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये. स्विच, वायर किंवा सेल्फ यांची चौकशी करायची. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टर्मिनलची जोडणी खराब झाली आहे.

इथंच बरेच जण फसतात. तुम्ही म्हणाल, "आधी दिवे तर छान लागले होते, मग जोडणी खराब कशी?" दहावीतल्या ताईला ओहमचा नियम विचारा. दोन हेडलाइटना मिळून साधारण ८ अँपिअर करंट पुरतो. सेल्फला मात्र १०० अँपिअर किंवा त्याहूनही जास्त लागतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी साचून समजा ०.०५ ओहम रोध तयार झाला. दिव्यांच्या वेळी तिथं वाया जातात ०.०५ गुणिले ८, म्हणजे फक्त ०.४ व्होल्ट. कुणाला कळणारही नाही! पण सेल्फ १०० अँपिअर ओढायला गेला की ५ व्होल्ट तिथंच गडप होतात. १२ पैकी उरले ७. सेल्फ बिचारा काय करणार? वाया गेलेल्या विजेची उष्णता होते, म्हणून दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर असं टर्मिनल चक्क गरम लागतं. नवी बॅटरी घेण्याआधी गरम पाणी आणि ब्रश घेऊन टर्मिनल साफ करून पाहावं, ते याचसाठी. मात्र हे काम मोठ्यांनीच करायचं बरं का! बॅटरीत ॲसिड असतं आणि तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, त्यामुळे जवळ काडी पेटवायची नाही.

आणि धक्का? दुसऱ्या गिअरमध्ये टाकून, क्लच दाबून गाडी ढकलायची आणि वेग आला की क्लच सोडायचा. धक्का फक्त सेल्फचं काम करतो. बॅटरीत ठिणगीपुरता करंट शिल्लक असेल, तर गाडी सुरू होईल. पण इंजिन मुळातच छान फिरत असेल, तर धक्का मारून घाम गाळण्यात काय अर्थ? तरीही ढकलणारे असतातच!

आता दुसरी तऱ्हा. इंजिन खणखणीत फिरतंय, पण पेट घेत नाही. म्हणजे बॅटरी आणि सेल्फ दोघेही निर्दोष. राहिले पेट्रोल आणि ठिणगी. मेकॅनिककाका अशा वेळी प्लग काढून बघतात, तुम्हीही लांबून बघा. प्लग ओला असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय. कधीकधी चोक जास्त ओढल्यानं ते जरुरीपेक्षा जास्तही होतं. तसं नसेल तर संशय ठिणगीवर. ती वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये 'पॉइंट' असतात. त्यांच्यातली फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. पॉइंट जळून काळे पडले की ठिणगी मरते. पावसाळ्यात तर डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीत ओल धरली तरी पुरे! हजारो व्होल्टची वीज प्लगकडे जायचं सोडून ओलीवरून भलतीकडेच पळते. कोरड्या फडक्यानं टोपी आतून पुसली की तीच गाडी सुरू झालेली कोकणातल्या गॅरेजवाल्यांनी कितीदा तरी पाहिली असेल.

प्लग कोरडा असेल, तर पेट्रोलच येत नाहीये. गाडी महिनाभर उभी असेल, तर कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. पंप ते पुन्हा भरेपर्यंत थोडा वेळ सेल्फ मारावा लागतो. नाहीतर फिल्टर तुंबलेला, नाहीतर पंपाचा पडदा फाटलेला. पण पंप खोलायला घेण्याआधी टाकीत डोकावून बघा हं! जुन्या गाडीचा पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकून बसलेला असतो आणि टाकी असते ठणठणीत कोरडी.