"विसरून जा" म्हणू नका

निर्वासित म्हटलं की आपल्याला सीमेपलीकडून आलेली माणसं आठवतात. पण आपल्याच लातूर-धाराशिव भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे हजारो कुटुंबं बेघर झाली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं. सुमारे आठ हजार माणसं गेली, पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली.

माझी मावसबहीण त्यांतलीच. तिचा सतरा वर्षांचा मुलगा गेला. नवं घर मिळालं, पण आक्का छताखाली झोपेना. थंडीतही अंगणात बाज टाकायची. दाजी कुणाशी बोलत नसत. जुन्या गल्लीतली माणसं नव्या गावात लांब लांब विखुरलेली. मी मास्तर माणूस! दर भेटीत समजावायचो, "आक्का, झालं गेलं विसर." ती नुसती मान हलवायची.

मग चार घरं पलीकडची एक बाई संध्याकाळी येऊन बसू लागली. तिचीही दोन लेकरं गेलेली. एकदा मी असताना ती म्हणाली, "पोराचं नाव घे की आक्का. मीबी माझ्यांचं घेते." आक्का त्या दिवशी मोकळी रडली. दाजीही उठून जवळ येऊन बसले. छताखाली झोपायला पुढे वर्ष गेलं, पण घर बोलतं झालं.

म्हणून मला वाटतं, घरांबरोबर मनाच्या उभारणीचं कामही त्याच गावातल्या, तेच दुःख सोसलेल्या माणसांकडे द्यावं. हे अशक्य नाही. भूकंपानंतरच्या घरदुरुस्तीत गावोगावच्या बायकांनी 'संवाद सहायक' म्हणून काम केलं. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेबरोबर इथल्याच बायका तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पण "आमचंही घर पडलं होतं" हे त्यांना सांगता येत होतं.

कुणी म्हणेल, गप्पा म्हणजे काय उपचार? नाही. म्हणूनच अशा माणसांना थोडं शिकवायला हवं: उपदेश न करता ऐकणं, ऐकलेलं गावभर न करणं, एका माणसाबरोबर सगळं घर बघणं, आणि झोप-जेवण सुटलं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर लगेच डॉक्टरांकडे नेणं. आता 'टेलीमानस'चा १४४१६ हा मोफत सरकारी नंबरही आहे. १९९३ साली तो नव्हता.

असो. तुमच्या नात्यात अशी आक्का असेल तर यंदा ३० सप्टेंबरला तिच्याकडे जा आणि तिच्या मुलाचं नाव काढा. मला हे फार उशिरा कळलं.