सोप्यावरचा वायफाय

मा. संपादक,


‘पाहुण्यांना वायफायचा वेगळा पासवर्ड देणाऱ्यांनी उद्या पाण्याचा तांब्याही वेगळा ठेवावा,’ असे एका वाचकाने गेल्या आठवड्यात याच सदरात लिहिले होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन शाहू महाराजांनी चहा घेतला, त्या कोल्हापुरात हे शोभत नाही, असा टोलाही होता. वाचून आधी मी वरमले, कारण माझ्या घरी गेल्या नवरात्रापासून असाच वेगळा वायफाय आहे. नंतर वाटले, याला उत्तर द्यायलाच हवे.

मी घरातूनच लोकांची जीएसटी आणि आयकराची विवरणपत्रे भरते. मार्केट यार्डातले गुळाचे अडते, हुपरीचे चांदीवाले, दोन-तीन चप्पल दुकानदार असे माझे पक्षकार. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या यात्रेसाठी आमच्याकडे दरवर्षी घर भरते. गेल्या नवरात्रात त्या दिवशी सासूबाई टीव्हीवर अंबाबाईची आरती बघत बसल्या होत्या. ऐन आरतीत देवी गेली आणि पडद्यावर बंदुका धडाधड उडू लागल्या. रिमोट तर सासूबाईंच्या मांडीवर! आतल्या खोलीत आठवीतल्या भाच्याने मोबाइलवर गेमचा व्हिडिओ लावला होता, आणि चुकून कुठलेसे चिन्ह दाबले गेल्याने तो टीव्हीवर आला होता. सगळे पोट धरून हसले. मीही हसले.

संध्याकाळी मात्र हसू आले नाही. भाचेजावई ऑफिसचे काम पाठवायला लॅपटॉप उघडून बसले होते. त्यांनी हाक मारली, “मामी, हे तुमचं कामाचं हाय न्हवं? सगळं उघडं दिसतंय की!” माझ्या दोन कॉम्प्युटरांत फाइली इकडून तिकडे नेता याव्यात म्हणून मी एक फोल्डर खुले ठेवले होते. त्यात लोकांचे पॅन, बँकेचे उतारे, खरेदी-विक्रीची बिले. चूक सर्वस्वी माझी. जावई भला माणूस, त्याने सांगितले तरी. त्याच्या आधी कितीजणांच्या मोबाइलला आणि लॅपटॉपला हे दिसले असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही; आणि हिशेब ठेवणे हाच माझा धंदा!

मुळात आपण पाहुण्याला ‘नेट’ देतो असे समजतो. पण पासवर्ड दिला की तो आपल्या टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, कॉम्प्युटर यांच्या पंगतीत येऊन बसतो. हल्लीच्या मोबाइलवर तर आपला पासवर्ड क्यूआर कोड करून पुढच्याला दाखवता येतो. म्हणजे मी एकाला दिला की तो कुठवर गेला हे मलाही कळत नाही. त्यात कुणाच्या मोबाइलवर व्हॉट्सअॅपवरून आलेली ‘लग्नाची पत्रिका’ उघडलेली असते, कुणी ‘आरटीओ चलन’ म्हणून भलतेच अॅप चढवून घेतलेले असते. अशा बहुतेक अॅपांचा डोळा त्याच मोबाइलमधल्या ओटीपीवर असतो, हे खरे. तरी तसा मोबाइल माझ्या पक्षकारांच्या कागदांशेजारी कशाला हवा?

आता तांब्याचा मुद्दा. माझे माहेर मंगळवार पेठेतले. जुन्या घराला सोपा होता. येईल त्याला तिथे पाणी, चहा, गप्पा, आणि उशीर झाला तर अंथरूणही. आजोबांच्या वह्यांची पेटी मात्र माजघरात असायची. पेटी सोप्यावर मांडली नाही म्हणून कुणी पाहुणा रुसून गेल्याचे ऐकिवात नाही. वेगळा तांब्या वाईट होता, कारण पिणारा कोण हे बघून तो हातात दिला जायचा. पाहुण्यांसाठीचे ‘गेस्ट’ नेटवर्क माणूस बघत नाही. माझ्या सख्ख्या भावाला तेच, केबल दुरुस्तीला आलेल्या पोराला तेच. ‘जवळच्यांना आतला, बाकीच्यांना बाहेरचा’ असे कुणी सुरू केले, तर पत्रलेखकाचा राग मला मान्य आहे. तिथे मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

दुसरा फायदा मला नंतर कळला. घरचा मुख्य पासवर्ड बदलायचा म्हणजे टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, सगळ्यांत तो पुन्हा घालत बसावे लागते. त्यामुळे वर्षानुवर्षे कुणी बदलत नाही. पाहुण्यांचा पासवर्ड यात्रा संपली की दोन मिनिटांत बदलता येतो आणि घरातल्या यंत्रांचे काही अडत नाही.

पण या सोयीला लोक कवचकुंडले समजतील, म्हणून एक सांगते. बाहेरच्या जगाला दोन्ही नेटवर्क एकाच घरची दिसतात. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी गेलेल्या धमकीच्या ईमेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर पोहोचले. तिथल्या रहिवाशाचा वायफाय दुसऱ्याच कुणी वापरला होता. पुढच्या महिन्यात अशाच ईमेलसाठी माटुंग्याच्या खालसा कॉलेजचा वापरला गेला, सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचा. एखाद्या पोस्टवरून काय होते, हे तर कोल्हापूरला सांगायला नको. पोस्टवरून उसळलेल्या हिंसाचारामुळे ७ जून २०२३ ला इथले इंटरनेटच बंद करावे लागले होते. तेव्हा पाहुण्यांच्या नेटवर्कलाही पासवर्ड हवाच. ते मोकळे सोडणे म्हणजे सोप्याचे दार रात्रभर सताड उघडे टाकणे.

माझी खरी तक्रार पाहुण्यांविषयी नाहीच, जोडणी देणाऱ्यांविषयी आहे. आमच्याकडे आलेल्या मुलाने वायफायचा पासवर्ड म्हणून माझाच मोबाइल नंबर ठेवला आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड कारखान्यातून आला तसाच राहू दिला. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या किड्याने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते असलेच साठेक ठरावीक पासवर्ड आळीपाळीने घालून. सेटिंगचा पासवर्ड मी मागितला तर उत्तर मिळाले, “मॅडम, ते आम्ही कस्टमरला देत नाही.” माझ्या घरातल्या खोक्याची किल्ली मलाच नाही! चार फोन केल्यावर माणूस आला. त्याने पाच मिनिटांत ‘गेस्ट’ नावाचे दुसरे नेटवर्क करून दिले आणि चहा पिऊन निघाला. मी मोबाइल त्यावर जोडून पाहिला, तर टीव्ही आणि प्रिंटर दोन्ही दिसत होते. म्हणजे पाटी नवी, खोली तीच. जिन्यावरून त्याला परत बोलावले, तेव्हा पाहुण्यांना घरातली यंत्रे दिसू देणारी टिक त्याने काढली. ज्यांच्याकडे असे नेटवर्क आहे त्यांनी आजच ही परीक्षा घ्यावी. काही राउटरमध्ये ही सोयच नसते. म्हणून जोडणी घेतानाच विचारून घ्यावे.

म्हणून पाहुणचाराचे धडे ग्राहकाला देण्याऐवजी जोडणी देणाऱ्यांना दोन गोष्टींची सक्ती व्हावी: सेटिंगचा पासवर्ड बदलून ग्राहकाच्या हातात द्यावा, आणि पाहुण्यांचे नेटवर्क त्याच दिवशी करून, तपासून द्यावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि चहा आम्ही देतोच.

माझ्या घरातला एक प्रश्न अजून सुटलेला नाही. सासूबाईंना व्हॉट्सअॅपवर येईल ते उघडून बघायची सवय आहे. मुख्य नेटवर्कवर त्यांचा मोबाइल ठेवायला मी धजत नाही, म्हणून सध्या त्या पाहुण्यांत आहेत आणि त्यांना याची कल्पना नाही. आपले दैनिक त्या पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, तेव्हा कृपया माझे नाव छापू नये.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर