कळसूबाईच्या दारात केर

माणूस डोंगरावर का चढतो, याबद्दल थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. आमची त्याला हरकत नाही. ज्याला चढायचं त्याने खुशाल चढावं. गुडघे ज्याचे त्याचे. आमचं भांडण आहे ते चढून गेलेला माणूस वर काय ठेवून येतो, त्याच्याशी. आणि हे भांडण आम्ही कारकुनी पद्धतीने, जमा-खर्चासहित मांडणार आहोत.

उदाहरणादाखल कळसूबाई घ्या. मुक्काम अकोले तालुका, पूर्वीचा अहमदनगर आणि २०२४ पासूनचा अहिल्यानगर जिल्हा. उंची १६४६ मीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने ५४०० फूट. महाराष्ट्रात हिच्यापेक्षा उंच शिखर नाही. आता जे सगळ्यात उंच, ते प्रत्येकाला हवंच. त्यामुळे शनिवारी रात्री मुंबई-पुण्याकडून गाड्या भरभरून मंडळी बारी गावात उतरतात आणि पहाटेच्या अंधारात बॅटऱ्या लावून चढायला लागतात. आधी भातखाचरं, मग चढ, मग कातळ. कातळ जिथे अगदीच उभा होतो तिथे लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. शेवटची शिडी संपली की माथा, आणि माथ्यावर देवीचं एवढंसं देऊळ. समोर अलंग, मदन, कुलंग, पलीकडे भंडारदऱ्याचं पाणी. मंडळी त्या सगळ्याकडे पाठ करून उभी राहतात, कारण फोटोत स्वतःचं तोंड यायला हवं. खाली आल्यावर जाहीर करतात, "कळसूबाई सर केली!"

सर केली? अहो, सर करायला समोर कोणी लढायला तरी हवं. त्या बाईने आजवर कुणाला अडवल्याचं ऐकिवात नाही. आमची सौ. दर आठ दिवसांनी शिडी लावून माळ्यावरची लोणच्याची बरणी काढते. "माळा सर केला" असं ती एकदाही म्हणालेली नाही.

पण तेही एक वेळ सोडा. सर केल्यानंतर विजयी वीर तिथे काय सोडून येतात ते बघा. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, वेफर्सच्या पुड्या, चहाचे कप, पोह्यांच्या तेलकट प्लेटा. आणि हे कुणाच्या दारात? इथेच खरी गंमत आहे.

१८८४ साली इंग्रजांनी छापलेल्या अहमदनगरच्या गॅझेटिअरमध्ये या देवीची कथा दिली आहे. कळसू नावाची कोळ्याची मुलगी. रानात भटकायची आवड. ती डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली, की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. काही दिवस सुरळीत गेले. मग एक दिवस घरातल्या कुणीतरी फर्मावलं, "ही भांडी घास आणि हा कचरा आवर." कळसूने सांगितलेलं काम मुकाट्याने केलं, आणि ते झाल्याबरोबर डोंगर चढून गेली ती मरेपर्यंत खाली उतरलीच नाही. जिथे भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि जिथे कचरा आवरला ती काळदरा, अशी नावंही पडली.

नोकरीच्या अटी मालकाने मोडल्या म्हणून कायमचं निघून जाणारी ही बाई आम्हा कारकून मंडळींना फार जवळची वाटते. आमच्यापैकी कुणालाही ते जमलेलं नाही. आम्ही फक्त कँटीनमध्ये निषेध करतो. तर अशी ही देवी. खरकटी भांडी आणि केर या दोन गोष्टींना कंटाळून ती जगापासून उठून गेली. आणि आम्ही तीन-चार तास घाम गाळून, छातीचा भाता करून तिच्या दारात जातो आणि नेमक्या त्याच दोन गोष्टी तिथे टाकून येतो!

हे आम्ही डबा खाताना मांडलं, तेव्हा आमच्या शाखेतल्या विद्वानांनी तीन उपाय सुचवले.

पहिला उपाय, वर कचऱ्याच्या पेट्या ठेवाव्यात. ठेवा. पण ५४०० फुटांवरची पेटी भरल्यावर ती रिकामी कोण करणार? कुणीतरी ते सगळं डोक्यावर घेऊन शिड्या उतरायच्या. दुसरा उपाय, वाटेत सरबत विकणाऱ्या गावकऱ्यांनी उचलावं. का म्हणून? त्यांनी लिंबू पिळायचं कबूल केलंय, तुमचा केर काढायचं नव्हे. तिसरा उपाय, स्वयंसेवकांनी मोहीम काढावी. काढतात बिचारे. गोणपाट घेऊन जातात, वाकवाकून वेचतात, आणि आपण "वा, छान उपक्रम!" म्हणून पुढच्या रविवारी नवा माल टाकायला मोकळे.

तिन्ही उपायांतलं साम्य लक्षात आलं ना? तिन्हींत केर करणारा एक आणि काढणारा दुसरा. प्रत्येक उपायाला एकेक कळसू लागते. घरात बायको, हपिसात शिपाई, डोंगरावर गावकरी. आपला केर दुसऱ्या कुणीतरी काढायचा, ही सवय आपण पाठपिशवीत घालून थेट शिखरापर्यंत नेतो. आमच्या मते वर जाणारं सगळ्यात जड सामान तेच.

कारण खरं वजन तर काहीच नसतं. एक लिटर पाण्याची बाटली वर नेताना एक किलोची असते. ती नेताना तक्रार नाही. पाणी प्यायल्यावर उरते दोन-अडीच तोळ्यांची. ती उतरवताना मात्र यांचे खांदे दुखतात! किलोभर वजन चढवणाऱ्याला अडीच तोळे उतरवता येत नाहीत, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात? आम्ही बी. कॉम. आहोत, आमच्या तरी अभ्यासक्रमात नव्हता.

कायदा करा म्हणाल, तर कायदा आहे. महाराष्ट्र सरकारने २०१८ सालीच प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि एकदा वापरून फेकायच्या ताटल्या-कपांवर बंदी घातली. त्याआधी १९८६ साली या मुलखात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. अभय नक्की कुणाला, वेफर्सच्या पुडीला? सह्या झाल्या, शिक्के झाले. आता शिडीशिडीवर एकेक पोलीस उभा करायचा का?

तो कातळ आहे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. दख्खनच्या कातळथरांच्या एका गटाला भूगर्भशास्त्रज्ञांनी कळसूबाईचंच नाव दिलंय. एवढ्या जुन्या खात्यात आपण भर घालायची ती रिकाम्या बाटलीची! आणि ही ठेव बिनव्याजी, बिनमुदतीची. आपल्यामागे नातवंडांनाही मोडता येणार नाही.

म्हणून आमची मागणी एकाच ओळीची आहे. जेवढं वर नेलंत, त्यातलं पोटात गेलेलं सोडून बाकी सगळं खाली आणा. संध्याकाळी बारीत उतरल्यावर पिशवी उघडून खातं जुळवा. रिकामी बाटली पिशवीत सापडली, तरच "कळसूबाईला जाऊन आलो" म्हणा. "सर केली" तेव्हाही म्हणू नका.

कळसू एकदा केराला कंटाळून घर सोडून वर गेली, ते निभावलं. आता ती पुन्हा कंटाळली तर जाणार कुठे? महाराष्ट्रात त्याहून उंच जागाच नाही.